शेवटच्या पानावरचा शब्द

"मावशी, बोका आत न्यायचा नाही," शिपाई म्हणाला.

"घरी ठेवला तर ओरडून आळी डोक्यावर घेतो. टोपलीत गप पडून राहील, बघ."

शिपायानं हात टेकले.

आत प्रकाशक बाईंच्या टेबलावर पुस्तकाचं कच्चं मुद्रित होतं. जुने शब्द, लबाडांचे, नोकरांचे आणि पत्त्यांच्या डावातले. वर नाव समोरच्या खुर्चीत बसलेल्या प्राध्यापकांचं. मावशीचं म्हणणं, यातला शब्द न् शब्द माझा. चाळीस वर्षं ती बड्या घरांत पत्त्यांच्या टेबलामागे चहाचा ट्रे धरून उभी राहिली. सोदा, भामटा, हुजऱ्या, खिजमतगार, जे कानावर पडलं ते वहीत उतरवलं. शुद्धलेखन तपासायला वही प्राध्यापकांकडे दिली आणि ती म्हणे हरवली.

"वही नाही, मग पुरावा काय?" बाईंनी विचारलं. "उद्या छपाई आहे, मावशी."

प्राध्यापक हसले. "भांडी घासणारी बाई शब्दकोश लिहिते, ऐकलंय कधी?"

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती गोडच बोलली.

"एवढं विचारा बाई, शेवटच्या पानावरचा शब्द यांनी कुठून आणला?"

प्राध्यापकांनी पान उलटलं. "घुटमुल्या. दुसऱ्यांच्या पाठीमागे उभा राहून त्यांची पानं मालकाला खुणेनं सांगणारा नोकर. अहो, हा आमच्या आजोबांचा! डाव रंगला की नोकरावर हाच शब्द फेकायचे."

"आणखी कुणाकडे ऐकलात?"

"छे! आमच्या घराबाहेर हा कुणाला ठाऊकच नाही. म्हणून तर पुस्तकाला मोल आहे."

"आणि मी तुमच्याकडे कामाला कधी होते?"

"तुम्ही? आमच्या उंबऱ्याला तुमचा पाय लागलेला नाही!"

"बाई, एवढं लिहून घ्या आणि यांची सही घ्या."

बाईंनी लिहिलं. प्राध्यापकांनी झोकात सही ठोकली.

मावशी उठली. टोपलीचं झाकण काढून ती खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली, पदर खोचला आणि खणखणीत आवाजात हाक मारली.

"घुटमुल्या! ये रे बाळा!"

जाडजूड बोका टोपलीतून उडी मारून बाहेर आला आणि शेपूट ताठ करून, प्राध्यापकांच्या बुटांवरून चालत, थेट तिच्या पायाशी गेला.