नारिंगी टोपी

धायरीतल्या आमच्या सोसायटीतून कोणी कोकणात निघालं, की ओव्हाळकाकू खाली येऊन गाडीत पोहायच्या टोप्या ठेवतात. माणशी एक, सगळ्या भडक नारिंगी.

"बीचवर त्या बोटी सुसाट पळवतात. आपलं नुसतं डोकं पाण्याबाहेर असतं, ते लांबून दिसायला हवं," एवढंच म्हणतात.

परवा लिमये निघाले होते. सोसायटीत नवीनच आलेत. काकूंनी त्यांच्या नातीला टोपी घातली, कानांवर नीट ओढली आणि पार गेटपर्यंत मागे जाऊन डोळे बारीक करून पाहिलं. मग समाधानाने परत आल्या.

लिमयांना राहवलं नाही. "अहो ओव्हाळबाई, तुमचं दार निळं, पडदे निळे, जयंतीला जिना निळा. आणि आम्हाला वाटायला बरा हा भगवा सापडला!"

गाडीतले सगळे हसले. काकूही हसल्या.

"निळी आणली होती की. आमच्या प्रज्ञेशला. निळीच हवी म्हणून सगळा लक्ष्मी रोड पालथा घातला होता मी."

नातीच्या टोपीची कड त्यांनी पुन्हा एकदा सारखी केली.

"तो बोटवाला माझे पाय धरून रडत होता हो. म्हणाला, मावशी, आईशप्पथ सांगतो, मला नुसतं पाणीच दिसलं."