दिलावरचा कट

"ह्याला काय ॲक्टिंग म्हणायचं राव? मानूस मिसळ खातोय, खातोय, नुसता खातच बसलाय!" सोपान कंडक्टर टीव्हीकडे हात करत म्हणाला.

जुन्नरातल्या दिलावरच्या हॉटेलात दुपारी शटर अर्धं ओढून संघर्षचा नवा सिनेमा सीडीवर लावला होता. संघर्ष हा जवळच्याच डिंगोरे गावचा पोरगा. लागलेली मास्तरकी सोडून सिनेमे काढायला लागला, आणि तेही असले: गाणं नाही, मारामारी नाही, बोलणं जवळजवळ नाहीच. नोकरी सोडली त्या दिवसापासून त्याचे वडील चांगदेव त्याच्याशी बोलत नव्हते. या सिनेमात मात्र दिलावरच्या भिडेखातर त्यांनी काम केलं होतं. मुलगा घर सोडून गेलाय आणि बाप हॉटेलात एकटा मिसळ खातोय, एवढंच काम.

सिनेमात दिलावर हॉटेलवालाच झाला होता. तिथे गंमत झाली. संघर्षच्या धंद्यात 'कट' म्हणजे थांबा. दिलावरच्या धंद्यात कट म्हणजे मिसळीवरची तर्री. संघर्ष "कट" म्हणाला की दिलावर लगबगीने जाऊन चांगदेवांच्या डिशमध्ये आणखी पळीभर ओतायचा. संघर्ष मुळातच तिरपागडा. त्याने कॅमेरा चालू ठेवला आणि तेच सगळं सिनेमात घातलं.

टीव्हीवर दिलावरने पुन्हा पळी ओतली. चांगदेवांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते खातच राहिले.

"काय काम केलंय!" कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "एक शब्द नाही, तरी सगळं कळतं."

"बाई, तिखट लागलं असंल!" सोपान म्हणाला. "आन् ह्या दिलावरभाईचं बघा. मोठी कढई हाताशी हाये, तरी दर टायमाला कोपऱ्यातल्या बारक्या पातेल्याकडं चालत जातोय. जास्त वेळ दिसावं म्हनून!"

सगळे हसले. दिलावरही हसला.

संघर्ष हसला नाही. लोकांची मतं त्याने पोटभर ऐकली होती. त्याला एकच मत हवं होतं. आज बाप धड बोलला नाही, तर संध्याकाळच्या एसटीने पुण्याला जायचं आणि पुन्हा इकडे फिरकायचं नाही, असं ठरवूनच तो आला होता.

"दादा, तुमाला कसं वाटलं?" त्याने मागच्या बाकावर बसलेल्या वडिलांना विचारलं.

चांगदेवांनी त्याच्याकडे न बघता टोपी सारखी केली. "मला काय कळतंय त्यातलं? कट लई जहाल व्हता. डोळ्यातनं पानी आलं, बास."

संघर्षला फार लागलं ते. तो पिशवी खांद्याला अडकवून उठला.

"थांब जरा," दिलावर म्हणाला. तो आत गेला, कोपऱ्यातलं बारकं पातेलं उचलून आणलं आणि संघर्षच्या पुढ्यात ठेवलं. "चाखून बघ."

"दिलावर, ऱ्हाऊ दे," चांगदेव घाईने म्हणाले.

संघर्षने चमचाभर तोंडात घातलं. "चाचा, हे तर पार सपक आहे."

"तुज्या बापाचं पोटाचं आपरेशन झाल्यापासनं त्याचा कट मी येगळा करतो," दिलावर म्हणाला. "ह्याच्यात मिरची नसती. त्या दिवशीबी नव्हती."