मजकूर आढळला नाही

संगणकाच्या पडद्यावर 'तयार' हा शब्द सगळ्यांत मोठा, जाड निळ्या अक्षरांत झळकत होता. भोवती 'जागा', 'पोरं', 'पाणी' असे बारीकसारीक शब्द. मुलाखतींत जो शब्द जितक्या जास्त वेळा, तितका तो मोठा. विभागप्रमुख सर सोयरीक जमवून आल्यासारखे खुशीत खुर्चीत रेलले होते.

"वस्ती सोडायला बायका तयार आहेत. बघ, पडदाच सांगतोय," ते म्हणाले. "तू महिनोन्‌महिने सॉफ्टवेअर शोधत बसलीस. मी एका दुपारीत शोधलं. तेही फुकट."

त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी ती पडद्याकडे बघतच राहिली. काचेच्या कारखान्यामागच्या वस्तीत घरोघरी जाऊन तिनेच या बायकांना बोलतं केलं होतं. रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकून त्यांची उत्तरं शब्दन्‌शब्द उतरवली होती. तयार? घर सोडायचं नाव काढताच त्या भांडायला उठल्या होत्या. आणि उद्या हाच अहवाल बघून समिती वस्ती पाडायची की ठेवायची ते ठरवणार होती.

तिने माउस ओढून घेतला आणि इस्त्रीवाल्या आजींची मुलाखत उघडली. आजींनी काही केल्या दुसरं उत्तर दिलं नव्हतं. घर सोडाल? नाही. पैसे दिले तर? नाही. याहून मोठं घर दिलं तर? नाही.

सॉफ्टवेअरमध्ये आजींच्या उत्तरांची चौकट कोरी होती. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'मजकूर आढळला नाही.' त्याला स्वतःला तेवढी 'नाही' म्हणायची मुभा होती.

तिने सेटिंग उघडलं. सारखे येणारे, बिनमहत्त्वाचे शब्द मोजणीआधी आपोआप गाळले जातात, असं तिथे लिहिलं होतं. 'आणि', 'पण', 'तर', 'मी'. त्यांच्याच पंगतीला 'नाही' बसलेला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, हे 'नाही' गाळतंय. 'तयार नाही' यातला 'नाही' गाळला तर मागे काय उरतं?"

"अगं, ती यादी तज्ज्ञांनी केलेली असते. असले शब्द सगळेच वापरतात. त्यांना स्वतःचा असा अर्थ नसतो."

"आजींनी दुसरा शब्दच वापरलेला नाही."

"एका म्हातारीने काय फरक पडतो?"

"एकीचं नाही, सगळ्यांचंच असं झालंय. ही यादी बंद करून आत्ता पुन्हा मोजते. चहा होईपर्यंत होईल."

"अहवाल सकाळीच गेला समितीकडे." सरांचा आवाज चढला. "आता पुन्हा मोजायचं म्हणजे आपण चुकलो असं होईल."

"चुकलोच आहोत."

सरांनी माउस परत आपल्याकडे घेतला, सेटिंग बंद केलं. 'तयार' पुन्हा पडदाभर पसरला. मग ते जरा नरमले, समजूत घातल्यासारखे बोलू लागले.

"उद्या समितीपुढे हे तूच मांड. तू वस्तीत फिरली आहेस. तुझ्या तोंडून ऐकलं की कुणी शंका काढणार नाही."

"नाही," ती म्हणाली.

"जरा लवकर ये मग," सर म्हणाले आणि पहिल्या पानावर 'सादरकर्त्या' या शब्दापुढे त्यांनी तिचं नाव टाइप केलं.