निरगाठ

नर्सपोरीला साधी गाठ मारता येत नाही, असं मी वॉर्डभर ऐकवलं. आमचे मालक भ्रमात नाकातली नळी उपटत होते, म्हणून तिनं मऊ पट्टीनं त्यांचा हात पलंगाला बांधला. पण दोन बोटं जातील इतका सैल, टोक ओढताच सुटेल अशा सुरगाठीनं!

ती वळल्यावर मी आवळून निरगाठ मारली. जन्मभर म्हशी बांधल्यात मी.

दुपारी पंजा काळानिळा पडला. पट्टी कात्रीनं कापली, तरी बोटं हलेनात. डॉक्टर तिच्यावर ओरडले. गाठ कुणाची ते तिनं ओळखलं होतं, तरी मान खाली घालून ती बोटं चोळत राहिली.

मला बघवेना. "अगं पोरी, माझी लाज कशाला राखतेस? सांग त्यांना, या आगाऊ म्हातारीनंच नवऱ्याचा हात घालवला."