अंत्ययात्रा दुपारी चार वाजता

कुलदीपने राजकुमारच्या फोटोला हार घातला आणि स्वतःशीच फिस्सकन हसला. हार संगणकातला, झेंडूचा. साकोलीत त्याचं बॅनरचं दुकान, त्यामुळे श्रद्धांजलीचा नमुना कायम तयार. फोटो बदलायचा, नाव बदलायचं, झालं. खाली आधीच्या कुणा म्हाताऱ्याची ओळ तशीच राहिली होती: ‘अंत्ययात्रा आज दुपारी चार वाजता, राहत्या घरून.’ असू दे म्हणाला. तेवढीच आणखी मजा!

राजकुमार आणि तो लहानपणी एका ताटात जेवलेले. वाढणारी राजकुमारची आई, कुंताबाई. पण नगराध्यक्षाची निवडणूक लागली आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर दोघांची जुंपली. कुलदीप ताईंचा, राजकुमार गुरुजींचा. आपली बाजू भारी दिसावी म्हणून दोघांनी घरादाराचे नंबर ग्रुपात कोंबले. राजकुमारने तर कुंताबाईलाही सोडलं नाही. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. ती नुसते फोटो पाहायची आणि ताई असो की गुरुजी, प्रत्येक फोटोखाली जोडलेले हात टाकायची. सगळ्यांच्या आधी तिचेच हात असायचे.

आज सकाळी राजकुमारने लिहिलं, ‘कुलदीप दोन्हीकडचे बॅनर छापते. याचा इमान कोणता बे?’ दोनशे माणसांत! कुलदीपच्या अंगाचा नुसता भडका उडाला. दहा वाजता त्याने हारवाला फोटो ग्रुपात सोडला. वर लिहिलं, ‘गुरुजींचा वाघ गेला हो!’

ताईंच्या लोकांनी ग्रुप डोक्यावर घेतला. जोडलेल्या हातांची रांग लागली. कुंताबाईचे हात तेवढे आले नाहीत. म्हातारीला राग आला असेल म्हणून कुलदीपने ते सोडून दिलं आणि राजकुमारच्या उत्तराची वाट पाहत बसला.

अकरा वाजले, बारा वाजले. उत्तर नाही. एरवी हा माणूस दोन मिनिटं गप्प बसायचा नाही. एक वाजता कुलदीपनेच लिहिलं, ‘मेला का बे?’ आणि लिहिल्यावर त्यालाच कसंसं झालं. फोन लावला, तर बंद. दोन वाजता गुरुजींच्या एका माणसाने लिहिलं, ‘फार वाईट झालं.’ मग दुसऱ्याने. आता ग्रुपात कुणीच हसत नव्हतं. काय झालं, हे विचारायला कुलदीपची बोटं धजेनात.

तीनच्या सुमारास बांबू विकणारा चिंधू दुकानासमोरून निघाला. खांद्यावर दोन हिरवे बांबू.

“कुठं निघाले चिंधूभाऊ?”

“राजकुमारच्या घरी. तिरडीले मागवले. चार वाजता नेतात म्हणे, ग्रुपवर तसंच आलं.”

“अजी, मजाक होती ती!” कुलदीप ओरडला.

चिंधूने त्याच्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं. “मजाकीत कोणी बांबू मागवते का?”

तिरडी कुणाची, हे कुलदीपने विचारलं नाही. कुणाची ते त्यानेच तर जाहीर केलं होतं. दुकान उघडं टाकून तो पळत सुटला. देवा, माझे हात झडू दे, पण त्याले काही होऊ नको देऊ, एवढंच तो घोकत होता.

राजकुमारच्या अंगणात गोवऱ्यांचा धूर होता. डोक्याला दुपट्टे बांधलेली माणसं उभी होती. त्याला पाहून सगळी बाजूला सरली.

आणि दारातून राजकुमार बाहेर आला. जिवंत. चांगला धडधाकट.

“जिवंत आहेस बे!” कुलदीपला रडू फुटलं. त्याने धावत जाऊन त्याचे दोन्ही खांदे धरले. “जिवंत आहेस तू!”

खांदे ओले होते. राजकुमार नुकताच अंगावर पाणी घेऊन आला होता. त्याच्या हातात विस्तवाचं मडकं होतं.

“मी बाजारात होतो,” राजकुमार म्हणाला. “माय घरी एकटीच फोन पाहून राहिली होती. मी आलो तं खाली पडली होती. हातात फोन तसाच. तुझा हार तसाच.”

कुलदीपचे हात गळून पडले. आतून बायकांचं रडणं आलं. कुणीतरी पुढे होऊन राजकुमारला विचारलं, किती वाजता काढायचं?

“चार वाजता,” कुलदीपकडे पाहत राजकुमार म्हणाला. “ग्रुपवर सगळ्यांले माहीतच आहे. दुसरा टाइम कायले टाकायचा?”