दोन दातांचा फरक

इंजिनाच्या नव्या दातेरी बेल्टवर लाल ठिपका होता. फोरमननी तो बोटाने चाचपला, नखाने खरवडला, मग नाकाशी नेला. नेलपॉलिश! त्यांनी स्वतः केलेली पांढरी खूण तिथून दोन दात अलीकडे होती. म्हणजे ते आंघोळीला गेले तेवढ्यात कुणीतरी गॅरेजमध्ये येऊन गेलं होतं, आणि घरात नेलपॉलिशची बाटली एकाच माणसाकडे होती.

"अस्सं," फोरमन पुटपुटले. "घरचाच भेदी."

कारखाना सोडून त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण गल्ली अजून त्यांना फोरमनच म्हणे. त्यांची लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार तीस वर्षांची होती आणि घरात सगळ्यात जास्त लाड तिचेच झाले होते. दर पाच वर्षांनी इंजिनाचे बेल्ट ते घरीच बदलत. पद्धत ठरलेली. जुन्या बेल्टवरच्या दोन खुणांमधले दात मोजायचे, तेवढेच नव्यावर मोजून खुणा करायच्या, आणि त्या पुलीवरच्या खुणांशी जुळवायच्या. फोरमन मोजत, स्टुलावर बसून बायको वेगळं मोजी. दोघांचा आकडा जुळला तरच पुढचं काम. मोजणी चुकली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटून इंजिनाचं वाटोळं. या खेपेला मात्र त्यांनी बायकोला स्टुलावर बसू दिलं नव्हतं. "माझं मी मोजीन," म्हणाले होते.

कारण सांगण्यासारखं नव्हतं. चार महिन्यांपासून त्यांना समोरचं मधोमध पुसल्यासारखं दिसे. डॉक्टर म्हणाले होते, चष्म्याने भागणार नाही, आणि गाडी चालवणं आजपासून बंद. तो कागद फोरमननी पान्यांच्या पेटीत तळाला दडवला होता. दात ते नखाने मोजत होते. बायकोला हे कळलं की गाडी विकली जाणार, याची त्यांना खात्री होती. आणि गाडी गेल्यावर आपण दिवसभर करायचं काय, हे त्यांना सुचत नसे.

विकायची तयारी तर सुरू झालीच होती, असा त्यांचा संशय. दीड महिना बायको रोज चारला बहिणीकडे जाई आणि परत आली की डाव्या पायाला मलम चोळत बसे. बहिणीकडे काय डोंगर चढायचा होता? एकदा फोनवर कुणी बाप्या म्हणाला, "मॅडमना सांगा, शुक्रवारी दहाला या, कागदपत्रं घेऊन." आणि कहर म्हणजे, गाडीची सीट दोनदा चार बोटं पुढे सरकलेली सापडली. अर्थ उघड होता. गिऱ्हाईक येऊन बसून गेलं होतं, आणि गिऱ्हाईक बुटकं होतं. तेव्हापासून फोरमन गल्लीतल्या प्रत्येक बुटक्या माणसाकडे डोळे वटारून बघत. बिचारा पोस्टमन पत्रं फाटकावरूनच टाकून पळू लागला होता.

आणि आता हा ठिपका. इंजिन मोडलं की नवरा स्वतःच म्हणेल, काढून टाक एकदाची! डाव त्यांना पक्का कळला.

त्यांनी लाल ठिपका सोडून दिला आणि बेल्ट आपल्या पांढऱ्या खुणेवर बसवला. मग खालच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवलं. सेल्फ मारण्याआधी हाताने दोन फेरे, हा त्यांचा जुना नियम. अर्धा फेरा झाला आणि पाना अडला. आतून बारीक 'टक्' आलं. लोखंडाला लोखंड टेकलं की कसं वाजतं, हे चाळीस वर्षं यंत्रांत काढलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही.

फोरमनना दरदरून घाम फुटला. मग त्यांनी इंजिन मागे फिरवलं, बेल्ट काढला, बोटाने लाल ठिपका शोधला आणि त्यावर बसवला. एक फेरा. दुसरा फेरा. कुठे म्हणून अडलं नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण त्यांना रागच आला.

"बसला का हो?" दारात बायको उभी होती, खांद्याला पर्स.

"तो बुटका कोण?" फोरमन ओरडले. "कुणाला विकलीस माझी गाडी?"

ती गाडीचं दार उघडून स्टिअरिंगमागे बसली, खाली वाकून खटका ओढला आणि पाय पोचेपर्यंत सीट पुढे घेतली. बरोबर चार बोटं. डाव्या पायाने क्लच दाबून बघितला. पर्समधून कोरं करकरीत लायसन्स काढून तिने समोर ठेवलं, आणि त्याच्या शेजारी तेलाचे डाग पडलेला डॉक्टरांचा कागद.

"तीस वर्षं तुमच्या हातात पाने मी देते," ती म्हणाली. "त्या पेटीत काय आहे ते मला कळणार नाही?"

फोरमनना मान वर करवेना. हातातला पाना ते उगीचच फडक्याने पुसत राहिले.

"पुसून झाला तो. राहिलेलं बसवा आणि या शेजारी," तिने पलीकडचं दार उघडलं. "रस्ता मी बघते. पण गिअर कधी बदलायचा ते इंजिन ऐकून तुम्हीच सांगायचं. मला ते अजून ऐकू येत नाही."