मध्ये नातू झोपतो

"काका, थोडा झटका बसेल हं," डॉक्टर मनाली म्हणाली आणि तिने येसाजीच्या घोट्याजवळ यंत्राचं टोक टेकवलं.

येसाजी खाटेवर उताणा पडला होता. पायांना पट्ट्या, पट्ट्यांना वायरी. एवढ्या वायरी त्याने माथेरानच्या हॉटेलात लग्नाच्या लायटिंगलाच पाहिल्या होत्या. त्याची बायको इंदूबाई पायथ्याशी स्टुलावर, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

"कळलं का काही?"

"नाय."

मनालीने करंट वाढवला. "आता?"

"मुंगी चालल्यागत. नाय, तसं बी नाय."

तिने आणखी वाढवला. येसाजीच्या पायाचा अंगठा टुणकन उडाला, आणि इंदूबाई दचकली. तो अंगठा तिच्या चांगल्या ओळखीचा होता.

लोधिवलीच्या घरात आतली खोली मुला-सुनेची. ही दोघं पडवीत, आणि त्यांच्या मध्ये नातू, हातपाय पसरून. येसाजी हॉटेलात नोकरीला होता तेव्हा पंधरवड्याने खाली उतरायचा. तेव्हाही मध्ये कुणी ना कुणी असायचंच, आधी सासू, मग पोरं. मग बोलायचं कसं? पायांनी. इंदूबाईने, जोडवी वाजू न देता, आपला अंगठा हळूच त्याच्या अंगठ्याला लावायचा. सुरुवात नेहमी तिची. त्याने तो दाबून धरायचा. बस्स. एवढ्यावर बाईने आख्खा पंधरवडा काढायचा आणि पुढच्याची वाट बघायची.

गेल्या पावसाळ्यात तो नोकरी सोडून कायमचा घरी आला. आता रोज माणूस जवळ, म्हणून ती मनातून हरखली होती. आणि दिवाळीपासून त्याचा अंगठा गप्प झाला. ती लावायची, थांबायची, पुन्हा लावायची. मग पाय आखडून कूस बदलायची. माणूस खाली आला, मन वरच राहिलं, अशी तिने स्वतःची समजूत घातली. नाहीतर आपण म्हाताऱ्या झालो. सांगणार कुणाला, सुनेला? दिवसभर ती हसतबोलत भाकऱ्या थापायची आणि आतल्या आत झुरायची.

मध्यंतरी चौकच्या नाक्यावर येसाजीच्या पायातली चप्पल निसटली आणि ते न कळताच तो तसाच दुकानापर्यंत चालत गेला. दोघांनी चपलेला नावं ठेवली आणि नवी आणली. मुलाला मात्र ते पटेना. त्याने साखर तपासून घेतली, ती भरपूर निघाली, आणि त्याने दोघांना इथे कर्जतला धाडलं.

मनालीने यंत्राचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "ही मघाशी हाताला यंत्र लावलं, त्याची लाट. बघा, कशी उंच आहे. आणि ही पायाची. बुटकी, आणि येतेही उशिरा. साखरेने पायाच्या नसा मंदावल्यात. पण ही आत्ताशी सुरुवात आहे काका, साखर आवरलीत तर इथेच थांबवता येईल."

"मंदावल्यात म्हंजी?" येसाजीचा चेहरा उतरला.

"म्हणजे बोटांना हलकंसं काही लागलं तर तुम्हाला कळत नाही."

इंदूबाईने पिशवी खाली ठेवली. "कवापासून?"

"नक्की नाही सांगता येणार, मावशी. काही महिने तरी."

"दिवाळीपासून?"

"असेल."

"म्हंजी दिवाळीपासून यांच्या पायाला कुनी हळूच काय लावलं, तर यांना ठावंच नाय?"

"बहुतेक नाहीच."

इंदूबाईने पदर तोंडावर घेतला. तिचे खांदे हलू लागले. मनाली घाईने म्हणाली, "रडू नका हो मावशी. लवकर लक्षात आलंय, हे चांगलं झालं." पदर खाली आला तेव्हा बाईच्या डोळ्यांत पाणी होतं खरं, पण ती हसत होती. नवऱ्याचा असा रिपोर्ट ऐकून हसणारी बाई मनालीने पहिल्यांदाच पाहिली. ती कागद आणायला बाहेर गेली.

येसाजी उठून बसला, पाय खाली सोडले. तो चांगलाच चिडला होता. "माजं पाय चाललं, आन् तुला हसू फुटतंय व्हय गं?"

इंदूबाईने स्टूल त्याच्यासमोर ओढलं. तिने चप्पल काढली आणि आपला अंगठा हळूच त्याच्या अंगठ्याला लावला. येसाजी तिच्या तोंडाकडेच रागाने बघत राहिला.

"खाली बगा," ती म्हणाली.

त्याने खाली पाहिलं.

"रोज लावत व्हते मी. रोज."

येसाजी बराच वेळ त्या दोन अंगठ्यांकडे बघत बसला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी जागाच असतो गं. तुजीच वाट बगत. मला वाटलं, आता तूच लावत नाय."

"मग तुमी का नाय लावला कदी?"

"मला कुटं सवय हाय?"

इंदूबाईला त्याचा रागही आला आणि मायाही आली. तिने सगळं पाऊल त्याच्या पावलावर ठेवलं आणि अंगातला होता नव्हता तेवढा जोर लावून दाबलं. जोडवी रुतली.

दारातून कागद घेऊन आलेली मनाली ओरडली, "अहो मावशी, हे काय करताय? लागेल त्यांना!"

"ऱ्हाऊ द्या, डॉक्टर," येसाजी म्हणाला. "आता कळतंय."